बंबांतला चुना आणि समुद्रांतलें पोवळें

गेल्या दिवाळीच्या साफसफाईंत आमच्या घरीं एक लहानसा अनर्थ घडला. आमच्या कैलासवासी मातुःश्रींची पोवळ्याची अंगठी देव्हाऱ्यांतील एका डबींत जपून ठेवलेली असे. पूजेचीं उपकरणीं उजळण्यासाठीं चिंचेच्या कोळांत घातलीं, त्यांबरोबर ती अंगठीहि घमेल्यांत गेली आणि रात्रभर तेथेंच राहिली. सकाळीं पाहावें तों सोनें लखलखीत, पण पोवळें पार निस्तेज! त्याची झिलई उडाली होती, रंग विटला होता, आणि बोट फिरवून पाहतां तें पाटीसारखें खरखरीत लागलें. सूनबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. म्हणाल्या, "मामंजी, दगड तो! त्याला चिंचेनं काय व्हायचंय, असं वाटलं मला."

आम्ही रागावलों नाहीं. चाळीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलांस शिकविलें, पण स्वतःच्या घरांत ही साधी गोष्ट कधीं सांगितली नाहीं; तेव्हां दोष कोणाचा असेल तर तो आमचाच. उशिरां कां होईना, ती आतां सांगतों. कदाचित् आणखी एखाद्या घरची अंगठी वांचेल. आणि अंगठीहून फार मोठें असें जें कांहीं आज चिंचेच्या कोळांत पडलें आहे, त्याकडेहि वाचकांचें लक्ष जाईल.

"दगड तो!" ही समजूत एकट्या सूनबाईंची नव्हे. नवरत्नांच्या पंक्तींत पोवळें बसलेलें आपण पाहतों, म्हणून त्यास रत्न समजतों, आणि रत्न म्हणजे दगड असें गृहीत धरतों. परंतु त्या नऊ जणांची जात एक नाहीं. माणिक, हिरा, पाचू, पुष्कराज, नीळ, गोमेद आणि लसण्या हीं सात रत्नें भूमीच्या पोटांतील खनिजें होत. मोती आणि पोवळें हीं दोन मात्र प्राण्यांच्या अंगचीं आहेत. मोती हा शिंपल्यांतील जीवाच्या अंगांतून पाझरलेला थर; आणि पोवळें हें तर एका प्राण्याचा सांगाडाच, म्हणजे हाडच म्हणा ना! दोहोंचेंहि मुख्य द्रव्य चुनखडी. चुनखडी व आम्ल यांचें वैर प्रसिद्ध आहे. आम्ल लागलें कीं चुनखडी विरघळते आणि तिच्यांतून वायूचे बुडबुडे निघतात. आमचे वैद्य आम्लपित्तावर प्रवाळपिष्टी देत आले, त्या योजनेच्या मुळाशींहि हेंच वैर असावें: पोटांतलें आम्ल पिष्टीवर खर्ची पडतें. आमच्या घमेल्यांत तेंच घडलें. फक्त येथें आम्ल चिंचेचें होतें आणि खर्ची पडली ती आजीची अंगठी.

विद्रुम हें नांव कां पडलें?

संस्कृतांत पोवळ्यास विद्रुम आणि प्रवाल अशीं दोन नांवें आहेत. विद्रुम म्हणजे विशेष प्रकारचा द्रुम, आणि प्रवाल या शब्दाचा दुसरा अर्थ कोंवळी पालवी. दोन्ही नांवांत झाडाची कल्पना आहे, आणि ती स्वाभाविकहि आहे. कारण तांबडें पोवळें समुद्रतळाच्या खडकावर फांद्या फुटल्यासारखें वाढतें. हें तांबडें पोवळें आपल्या किनाऱ्याचें नव्हे. तें मुख्यतः भूमध्य समुद्रांतलें, आणि तेथून तें फार प्राचीन काळापासून आपल्याकडे येत आलें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत प्रवालाचा एक प्रकार 'आलकन्दक' म्हणून सांगितला आहे; तो अलेक्झांड्रिया बंदरावरून येणारा असावा असें कित्येक पंडितांचें मत आहे.

युरोपांतील विद्वान् लोकहि पोवळ्यास वनस्पतिच समजत. त्याच्या फांद्यांवर बारीक पांढरीं फुलें उमलतात, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. मग दुसरा पुरावा कशाला हवा? इ. स. १७२५ च्या सुमारास मार्सेय येथील पेसोनेल नांवाच्या वैद्यानें ताजें पोवळें समुद्राच्या पाण्यांत ठेवून तीं फुलें न्याहाळलीं. स्पर्श होतांच तीं आंत ओढलीं जात, आणि पाणी निवांत झालें कीं पुन्हां उमलत. फुलाचें हें वर्तन नव्हे. हें जनावराचें वर्तन आहे, असें त्यानें पॅरिसच्या विद्वत्सभेस कळविलें. तेथें त्याचें म्हणणें कोणास पटलें नाहीं. कांहीं वर्षांनीं, अशाच प्रकारचे दुसरे जीव दृष्टीस पडल्यावर, त्याचें म्हणणें खरें ठरलें.

तें 'फूल' म्हणजे पॉलिप नांवाचा प्राणी. एक मऊ नळी, वरच्या टोंकास तोंड, तोंडाभोंवतीं पाकळ्यांसारखे हात, आणि आंत पोट, बस्स. डोळा नाहीं, डोकें नाहीं, पाय नाहींत. तांबड्या पोवळ्यास असे आठ हात असतात. समुद्रांत मोठमोठे खडक व बेटें रचणारे जे दगडी प्रवाळ, ते याचे दूरचे भाऊबंद. त्यांच्या हातांची संख्या बहुधा सहाच्या पटींत असते. बांधकामाची विद्या या दगडी प्रवाळांत पराकोटीस पोंचलेली असल्यामुळें पुढील वर्णन मुख्यतः त्यांचें समजावें.

घरोघरचा चुना

हें बांधकाम समजावयाचें तर समुद्रावर जाण्यापूर्वीं आपण आपल्या न्हाणीघरांत जाऊं. वर्धा जिल्ह्यांतील विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड. तें बंबांत महिनोन्महिने तापविलें म्हणजे आंतल्या बाजूस पांढरट, कठीण थर बसतो. बंबाच्या ठिकाणीं आतां विजेचें यंत्र आलें, तरी त्याच्या कांबीवर तोच थर चढून ती निकामी होते. हा थर मुख्यतः चुनखडीचा. लिंबाचा रस टाकून पाहावा, तो फसफसतो.

हा चुना पाण्यांत आला कोठून? पावसाचें पाणी हवेंतून व मातींतून मुरतांना कर्बाम्ल वायु घेतें. हल्लीं शाळेंत यासच कार्बन डायऑक्साइड म्हणतात. त्यामुळें पाण्यास किंचित् आंबटपणा येतो, आणि आपल्या पायांखालचा जो काळा फत्तर आहे त्यांतील कॅल्शियम तें हळूहळू विरघळवून घेतें. पाणी तापलें कीं वायु निघून जातो, आणि विरघळलेला चुना खालीं बसतो. शेतांत काळ्या मातींत नांगराच्या फाळास जे पांढरे खडे लागतात, तेहि असेच मातींतील ओलावा सुकतांना गोळा झालेले. बंबांतला थर व शेतांतला खडा यांस कोणी बांधीत नाहीं. ते आपोआप सांचतात.

दगडाच्या रूपावरून त्याची जात ओळखूं नये, हें आमच्या जिल्ह्यांतील मुलांस शिकविण्यासाठीं समुद्रपूर तालुक्यांतील गिरड हें गांव फार सोयीचें आहे. तेथें शेख फरीदबाबांचा दर्गा असून हिंदु-मुसलमान दोघेहि दर्शनास जातात. टेकडीवर सुपारी-जायफळासारखे वाटोळे खडे सांपडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या वणजाऱ्यांचा माल त्यांच्या शापानें दगड झाला, अशी लोककथा आहे. भूशास्त्र सांगतें कीं, लाव्हा रस थिजतांना त्यांत ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत मागाहून पाण्यांतून झिओलाइट जातीचीं खनिजें सांचून हे गोळे झाले. म्हणजे गिरडचा खडा फळासारखा दिसतो, पण जीवाचा त्याच्याशीं कधीं संबंध आला नाहीं. पोवळ्याची गोष्ट बरोबर उलट: तें दिसतें दगडासारखें, आणि त्याचा कणन् कण जीवानें रचलेला.

आपल्या विहिरींतला चुना विहिरींतच राहत नाहीं. धाम नदी पवनारवरून वाहत जाऊन वणेस मिळते, वणा वर्धेस मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता बनते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरींत शिरते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास जाते. अशा जगांतील सर्व नद्या युगानुयुगें खडकांतलें कॅल्शियम समुद्रास पोंचवीत आल्या आहेत. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत तें सुमारें ४०० मिलिग्रॅम असतें. सर्व समुद्र एकमेकांस मिळालेले. तेव्हां कोठल्या तरी प्रवाळाच्या अंगांत आमच्या शेतांतल्या फत्तराचा अंश असेल, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

येथें एक शंका येते. उष्ण समुद्राच्या वरच्या पाण्यांत चुना इतका भरपूर आहे कीं, बंबाच्या न्यायानें तो आपोआप खालीं बसावयास हवा. पण तसा तो सहसा बसत नाहीं. कारण त्याच पाण्यांतील मॅग्नेशियम व इतर द्रव्यें त्याचे स्फटिक जुळूं देत नाहींत. माल आहे, पण रचणारा नाहीं, अशी ही स्थिति. तेव्हां गवंडी लागतो. तो गवंडी म्हणजे पॉलिप.

गवंडी आणि त्याचें काम

प्रवाळाचें पिलूं मोहरीहूनहि लहान असतें. कांहीं काळ तें पाण्यांत पोहत हिंडतें, आणि मनाजोगता टणक खडक सांपडला कीं त्यास चिकटतें. एकदां चिकटलें कीं जन्मभर जागा सोडणें नाहीं. मग तें प्रथम अंगाखालीं चुनखडीची पातळ तबकडी अंथरतें. तबकडीवर मध्याकडे तोंड केलेल्या उभ्या भिंती उठवितें. आधीं सहा, मग त्यांच्या मधून मधून आणखी. शेवटीं भोंवतालीं गोल तट. असा एक लहानसा वाडगा तयार होतो, आणि त्यांत तो मऊ प्राणी बसतो. दगडी प्रवाळाच्या तुकड्यावर चांदण्यांसारख्या ज्या खुणा दिसतात, त्या याच वाडग्यांच्या होत.

आतां खरी मौज पाहावयाची ती अंग आणि सांगाडा यांच्या मधल्या फटींत. पॉलिपच्या तळव्याच्या पेशींचा एक पातळ थर सांगाड्यावर पसरलेला असतो. त्या थराखालीं केंसाच्या जाडीपेक्षांहि पुष्कळ अरुंद अशी फट असते, आणि तींत थोडासा द्रव. हीच त्या गवंड्याची चुन्याची घाणी. तळव्याच्या पेशींत एक प्रकारचे पंप आहेत. ते कॅल्शियमचे कण फटींत ढकलतात, आणि त्यांच्या बदल्यांत आंबटपणाचे कण, म्हणजे हायड्रोजनचे विद्युत्-भारित कण, फटीबाहेर ओढून काढतात. आंबटपणा हा चुन्याचा वैरी, हें आपण घमेल्यांत पाहिलेंच. पॉलिप त्या वैऱ्यास सतत उपसून टाकतो. म्हणून फटींतील द्रव बाहेरच्या समुद्रापेक्षां कमी आंबट, अधिक क्षारयुक्त राहतो, आणि तेथें चुनखडीचे स्फटिक धरतात. लागणारा कर्बाम्ल वायु कांहीं समुद्रांतून मिळतो, व पुष्कळसा त्याच्या स्वतःच्या उच्छ्वासांतूनच निघतो. आपण जो श्वास टाकून देतों, त्याचा तो घर बांधण्याकडे उपयोग करितो!

नुसते स्फटिक जुळले तर तो बंबांतल्यासारखा बेढब थर झाला असता. तसें होऊं नये म्हणून पॉलिप फटींत प्रथिनांचें एक अत्यंत सूक्ष्म जाळें सोडतो. स्फटिक कोठें धरावयाचे, कोणत्या दिशेस वाढावयाचे, तें या जाळ्यावरून ठरतें. त्यावर सुईसारखे बारीक स्फटिक पंख्याच्या कांड्यांप्रमाणें पसरत जातात. दगडी प्रवाळाच्या या चुनखडीस अॅरॅगोनाइट म्हणतात. तांबड्या पोवळ्याची चुनखडी कॅल्साइट या दुसऱ्या जातीची असून तिच्यांत मॅग्नेशियमचा अंश असतो. शिवाय त्याचा सांगाडा अंगाखालीं नसून मांसाच्या आंत, फांदीच्या गाभ्यांत असतो.

घर उंच होऊं लागलें कीं पॉलिप अंग वर उचलून घेतो आणि खालीं नवी आडवी फरशी घालतो. जुना मजला रिकामा राहतो. वस्ति नेहमीं सर्वांत वरच्या मजल्यावर. कांहीं जातींत या फरशा चांद्रमासाच्या हिशेबानें, महिन्यास एक अशा, पडतात असें आढळलें आहे. याखेरीज वर्षाकाठीं एक दाट व एक विरळ असा पट्टा उमटतो, आणि क्ष-किरणांनीं तो झाडाच्या वर्तुळांप्रमाणें मोजतां येतो. इ. स. १९६३ सालीं वेल्स नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें अडतीस कोटि वर्षांपूर्वींच्या सुमाराचे पाषाणरूप झालेले प्रवाळ तपासले. त्यांत वर्षाच्या पट्ट्यामध्यें रोजच्या वाढीच्या सुमारें ४०० बारीक रेषा भरल्या. म्हणजे त्या काळीं वर्षाचे दिवस सुमारें ४००, आणि दिवस सुमारें बावीस तासांचा! पृथ्वीचें फिरणें चंद्राच्या ओढीनें मंदावत आलें आहे, असें ज्योतिर्विद् गणितानें सांगत होते. त्याची साक्ष या मुक्या जीवाच्या हाडांत लिहिलेली निघाली. पंचांग पाळणाऱ्या आम्हां लोकांस याहून जुनें पंचांग कोठें मिळणार?

कामाची गति मात्र फार मंद. गोल धोंड्यासारखें वाढणारें प्रवाळ वर्षांत सुमारें एक सेंटीमीटर वाढतें. फांद्यांचें प्रवाळ कांहीं जातींत दहा सेंटीमीटर किंवा अधिक. आणि तांबडें पोवळें? त्याची जाडी वर्षांत एक मिलिमीटरहि वाढत नाहीं.

घरांतला भागीदार

आंबटपणाचे कण रात्रंदिवस उपसावयाचे, तर त्यास शक्ति हवी. उष्ण समुद्राचें स्वच्छ निळें पाणी दिसावयास सुंदर, पण अन्नाच्या दृष्टीनें तें ओसाड. मग हा खर्च भागतो कसा? याचें उत्तर पॉलिपच्या अंगांत आहे. त्याच्या पेशींत अतिसूक्ष्म शैवालें राहतात. अंगाच्या एका चौरस सेंटीमीटरांत त्यांची संख्या दहा लाखांच्या घरांत जाते. पॉलिप त्यांस आसरा देतो, आणि आपल्या शरीरांतील टाकाऊ नत्रद्रव्यें व कर्बाम्ल वायु देतो. तीं सूर्यप्रकाशांत अन्न तयार करितात, आणि त्यांतील बहुतेक वांटा घरधन्यास देऊन टाकतात. यामुळें दगडी प्रवाळाचें बांधकाम उजेडांत अंधारापेक्षां सरासरीनें सुमारें तिप्पट वेगानें चालतें. प्रवाळाचे तपकिरी-हिरवट रंगहि बव्हंशीं या शैवालांचेच.

हें कळल्यावर आम्हांस आमच्या पूर्वजांच्या 'विद्रुम' या नांवाबद्दल पुन्हां आदर वाटूं लागला. पोवळें झाड नव्हे हें खरें. पण समुद्रांत बेटें उभारणाऱ्या दगडी प्रवाळाच्या घरांत वनस्पतीची मजुरी आहे, हेंहि खरें. तांबडें पोवळें मात्र खोल, अंधाऱ्या जागीं राहणारें; त्याच्याजवळ हा भागीदार नाहीं. पाण्याबरोबर जें अन्न वाहत येईल त्यावरच त्याचा निर्वाह. त्याची वाढ एवढी मंद कां, हें यावरून ध्यानीं येईल.

आपल्या किनाऱ्यावर

प्रवाळ म्हटलें कीं दूरदेशच्या समुद्राची आठवण होते; पण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरहि तें आहे. शिवछत्रपतींनीं इ. स. १६६४ सालीं मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्या किल्ल्याभोंवतालच्या बुडत्या खडकांवर दगडी प्रवाळाच्या वसाहती आहेत, आणि तेथील समुद्राचा कांहीं भाग १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटरांवर कान्होजी आंग्र्यांच्या नांवानें ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरहि प्रवाळाची दाट वस्ति आहे. फार काय, मुंबईसारख्या गजबजलेल्या शहराच्या गढूळ पाण्यांत, वरळी व हाजी अली येथें, प्रवाळ निघालें. किनारी रस्त्याच्या कामांत तें सांपडणार म्हणून २०२० सालीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनीं त्याच्या वसाहती हलवून कांहीं कुलाब्याच्या नेव्हीनगरजवळ बसविल्या. वाघास जो कायदा राखतो, तो १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाच दगडी प्रवाळासहि राखतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

आणि लक्षद्वीप तर सर्वस्वी प्रवाळाचेंच. अशीं कंकणाकृति बेटें भर समुद्रांत होतात कशीं, याची उपपत्ति चार्ल्स डार्विननें १८४२ सालीं मांडली. ज्वालामुखीचा डोंगर समुद्रांत हळूहळू खचतो. त्याच्या कांठावरचें प्रवाळ मात्र उजेडासाठीं वर वर बांधीत राहतें. अखेर डोंगर बुडतो आणि कंकण उरतें. या उपपत्तीचा पुरावा मिळावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. १९५२ सालीं पॅसिफिक महासागरांतील एनिवेटोक बेटावर भोंक पाडलें, तेव्हां सुमारें १४०० मीटरपर्यंत प्रवाळाची चुनखडी लागली, आणि त्याखालीं काळा ज्वालामुखी फत्तर! लक्षद्वीपाखालींहि तसाच ज्वालामुखी डोंगरांचा बुडालेला कणा आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मतें, पृथ्वीच्या पोटांतील ज्या अग्निस्थानानें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं आमच्या वर्ध्याखालचा काळा फत्तर ओतला, त्याच अग्निस्थानानें पुढें तो कणा घडविला. समुद्र आम्हांस दूर आहे. पण लक्षद्वीपाच्या खालची जमीन आणि आमची जमीन एका चुलीवर शिजली आहे.

समुद्रांतली चिंच

आतां मुख्य चिंतेची गोष्ट. सुमारें अडीचशें वर्षांपूर्वीं, कारखाने वाढण्याच्या आधीं, हवेच्या दहा लाख भागांत कर्बाम्ल वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्यानें ही वाढ झाली. त्या वायूपैकीं सुमारें चौथा हिस्सा समुद्र गिळतो. विहिरीच्या पाण्यास ज्या वायूनें किंचित् आंबटपणा येतो, तोच हा वायु. समुद्रांतहि त्याचा परिणाम तोच. समुद्राचें पाणी आजहि क्षारयुक्तच आहे. तें चिंचेचा कोळ झालेलें नाहीं, आणि जिवंत प्रवाळ आमच्या अंगठीप्रमाणें एका रात्रींत विटत नाहीं. परंतु त्यांतील आंबटपणाचे कण शेंकडा सुमारें ३० नीं वाढले आहेत. ज्यानें हे कण जन्मभर उपसावयाचे, त्या पॉलिपला हा भार किती जड पडत असेल! विहिरीची पातळी खोल गेली कीं तितक्याच पाण्यासाठीं अधिक शक्ति लागते, तसेंच हें. शक्ति उपसण्यांत गेली म्हणजे बांधकाम मंदावतें. आणि खालचे रिकामे मजले, ज्यांवर आतां जिवंत अंगाचें पांघरूण नाहीं, ते लवकर झिजतात.

दुसरें संकट उष्णतेचें. उन्हाळ्यांतील नेहमींच्या कमाल उष्णतेहून समुद्र एखाद्या अंशानें अधिक तापला आणि कांहीं आठवडे तसाच राहिला, कीं पॉलिप आणि शैवाल यांची भागीदारी मोडते. शैवालें घराबाहेर पडतात, पारदर्शक अंगांतून पांढरा सांगाडा दिसूं लागतो, आणि घरधनी उपाशी राहतो. पाणी लौकर निवलें तर शैवालें परत येतात, नाहींतर मरण. लक्षद्वीपानें १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हां २०२४ सालीं हा प्रसंग पाहिला. २०२४ च्या एप्रिलांत तर जगांतील सर्व महासागरांवर पसरलेल्या अशा चौथ्या संकटाची घोषणा अमेरिकेच्या हवामान व समुद्रखात्यानें केली.

"पण आम्हीं वर्ध्याच्या लोकांनीं समुद्राचें काय वांकडें केलें?" असें कोणी विचारील. आम्हीहि प्रथम असेंच म्हणालों असतों. परंतु आपल्याच नदीच्या नांवानें 'वर्धा खोरें' म्हणून जें कोळशाचें क्षेत्र प्रसिद्ध आहे, तें चंद्रपूर-यवतमाळकडे पसरलें आहे. चंद्रपूरचें मोठें वीजकेंद्र कोळशावर चालतें. आणि आमच्या खोलींतील पंखा व दिवा अशाच विजेवर. कोट्यवधि वर्षें जमिनीखालीं निजलेला कर्ब आपण धुरांड्यावाटे हवेंत सोडतों, तेथून तो समुद्रांत शिरतो. नदीवाटे आपण समुद्रास चुना पाठवितों, आणि हवेवाटे त्या चुन्याचा वैरी. वीज वापरूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. पण रिकाम्या खोलींतला दिवा मालवणें आणि आंगणांतल्या उन्हानें पाणी तापविणें, या गोष्टींचा संबंध मालवणच्या खडकापर्यंत पोंचतो, एवढें मुलांस समजून सांगावें.

असो. अंगठीचें पुढें काय झालें, हें वाचकभगिनी विचारतीलच. आम्ही ती एका सराफाकडे नेली. त्यानें पोवळ्याचा खरखरीत थर घांसून पुन्हां झिलई दिली. रंग पुष्कळसा परत आला. पण तें पूर्वींपेक्षां लहान झाल्यामुळें कोंदणांत हलूं लागलें, आणि कडा नव्यानें दाबाव्या लागल्या. गेला तो पापुद्रा नखाएवढाहि जाड नसेल. पण समुद्राच्या अंधारांत तो रचावयास त्या जीवास एक वर्ष तरी लागलें असेल, हा विचार कांहीं केल्या मनांतून जाईना.

पोवळ्याचे व मोत्यांचे दागिने चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा सोडा यांनीं कधींहि घासूं नयेत. मऊ, ओलसर फडक्यानें पुसावे, कोरडे करावे आणि वेगळ्या डबींत ठेवावे. सूनबाईंनीं आतां देव्हाऱ्यांतल्या डबीवर चिठी चिकटविली आहे: "हा दगड नाही. चिंच लावू नये."